देवळाच्या माथ्यावरचा दिवा : मामल्लपुरमचे दीपगृह

मामल्लपुरमला जाणाऱ्या पर्यटकाचा क्रम सहसा ठरलेला असतो. पंचरथ, किनाऱ्यावरचे मंदिर, अर्जुनाची तपश्चर्या, कृष्णाचा लोण्याचा गोळा आणि मग परतीची गाडी. चेन्नईच्या सहलीतला अर्धा दिवस या गावासाठी राखून ठेवलेला असतो आणि तो एवढ्यात संपतो. टेकडीच्या माथ्यावर उभे असलेले दगडी दीपगृह मात्र गाडीच्या खिडकीतून पाहून सोडून दिले जाते. पल्लवांच्या शिल्पनगरीत ब्रिटिशांचा मनोरा कशाला चढायचा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हे गाव समुद्राशी कसे जोडलेले होते, याचे उत्तर या मनोऱ्याइतके स्पष्टपणे गावात अन्यत्र कोठेही मिळत नाही. शिवाय या दीपगृहाचा पहिला दिवा ज्या छपरावर लागला, ते छप्पर एका पल्लवकालीन शिवमंदिराचे होते. ते मंदिर आजही मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभे आहे.

मल्लाचे गाव

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ५५ किलोमीटरवर, बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेल्या या गावाला महाराष्ट्रात ‘महाबलीपुरम’ म्हणून ओळखले जाते. अधिकृत नाव मामल्लपुरम. ‘मामल्ल’ म्हणजे महामल्ल, ही पल्लव राजा नरसिंहवर्मा पहिला (कारकीर्द सुमारे ६३० ते ६६८) याची पदवी. याच नरसिंहवर्म्याने इ. स. ६४२ च्या सुमारास चालुक्यांची राजधानी वातापी, म्हणजे आजचे बदामी, जिंकून घेतली आणि ‘वातापीकोंड’ असे बिरुद धारण केले. पराभूत राजा होता दुसरा पुलकेशी. रविकीर्तीने रचलेल्या ऐहोळेच्या शिलालेखात (इ. स. ६३४) नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हणून ज्याचा गौरव झाला आहे, तोच हा पुलकेशी. तेव्हा मराठी पर्यटक मामल्लपुरमला जातो तेव्हा तो आपल्या इतिहासातील एका मोठ्या पराभवाच्या विजेत्याकडे पाहुणा म्हणून जात असतो, हे ध्यानात असलेले बरे.

पल्लवांची राजधानी कांचीपुरम आतल्या भागात होती. मामल्लपुरम हे त्यांचे सागराभिमुख गाव. युरोपीय खलाशी या ठिकाणाला ‘सात पॅगोडा’ म्हणत. समुद्रातून येणाऱ्या जहाजाला सपाट, वाळूच्या किनाऱ्यावर ओळखीची खूण म्हणून ज्या गोष्टी दिसत, त्यात येथील देवळांची शिखरे प्रमुख होती. कोरोमंडल किनारा कोकणासारखा नाही. येथे डोंगराचे कडे समुद्रात उतरत नाहीत, खाड्यांची मुखे दुरून नजरेत भरत नाहीत. मैलोन् मैल वाळू, सुरूची झाडे आणि त्यामागे सखल प्रदेश. अशा किनाऱ्यावर अचानक उठलेली ग्रॅनाइटची टेकडी नाविकांच्या दृष्टीने फार मोलाची ठरते. पल्लवांच्या शिल्पींना जो खडक हवा होता, तोच खडक खलाशांना खूण म्हणून हवा होता. देऊळ आणि दिवा एकाच टेकडीवर का आले, याचे मूळ येथे आहे.

ओलक्कनेश्वर

टेकडीवर जाण्यासाठी प्रथम महिषासुरमर्दिनीच्या लेण्यापाशी यावे. या मंडपाच्या एका टोकाला सिंहावर आरूढ झालेली दुर्गा रेड्याच्या मुखाच्या असुरावर चाल करून जाते आहे, तर समोरच्या टोकाला विष्णू शेषावर निश्चिंत निजला आहे. मधल्या गाभाऱ्यात सोमास्कंद, म्हणजे शिव, उमा आणि बाल स्कंद. एका बाजूला रणधुमाळी आणि दुसऱ्या बाजूला गाढ शांतता अशी ही रचना भारतीय शिल्पकलेतील उत्कृष्ट कामांत गणली जाते. बहुतेक पर्यटक हे पाहून येथूनच मागे फिरतात. लेण्याच्या बरोबर वरच्या खडकावर ओलक्कनेश्वराचे मंदिर आहे आणि खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी तेथे जाता येते. पायऱ्या झिजलेल्या आहेत, पाऊस पडून गेल्यावर त्या निसरड्या होतात.

मामल्लपुरममधील बरीचशी कामे एकसंध खडकात कोरलेली आहेत. ओलक्कनेश्वर मात्र चिरे रचून बांधलेले मंदिर आहे. बांधणीच्या शैलीवरून ते नरसिंहवर्मा दुसरा, म्हणजेच राजसिंह याच्या काळातले, आठव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाते. किनाऱ्यावरचे मंदिर आणि कांचीचे कैलासनाथ मंदिर याच राजाने उभारले. कांचीच्या कैलासनाथाची छाप पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर पडली आणि तेथून ती वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत आली, असे कला-इतिहासकार सांगतात. ओलक्कनेश्वराच्या भिंतीवर रावण कैलास पर्वत हलवतो आहे असे शिल्प आहे. ते पाहताना वेरूळचा भव्य रावण आठवल्याशिवाय राहत नाही. येथील शिल्प आकाराने कितीतरी लहान असून खाऱ्या वाऱ्याने त्याचे बारकावे पुसट झाले आहेत. दक्षिणेकडच्या भिंतीवर दक्षिणामूर्ती आहे.

मंदिराला शिखर नाही. चौकोनी भिंती आणि वर सपाट माथा एवढेच उरले आहे. त्यामुळे समोरून पाहताना ते मंदिरापेक्षा एखाद्या बुरुजासारखे दिसते. नेमक्या याच सपाट माथ्यावर १८८७ साली ब्रिटिश अमदानीत दिवा बसवण्यात आला. पुढे स्वतंत्र मनोरा उभा राहून तो १९०४ मध्ये पूर्णतः कार्यरत झाला आणि मंदिराची या कामातून सुटका झाली. गावात आजही अनेक जण या मंदिराला ‘जुने दीपगृह’ म्हणतात आणि नवख्याला तोच पत्ता सांगतात.

चालू देवस्थानाच्या नव्हे, तरी देवळाच्या डोक्यावर दिवा ठेवण्याचा हा निर्णय आज विचित्र वाटतो. पण त्या काळच्या मद्रास इलाख्यात तो अपवादात्मक नव्हता. उंच जागा दिसली की तिच्यावर दिवा ठेवायचा, हा सरळ हिशेब होता. मद्रास शहराचे पहिले दीपगृह १७९६ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जमधील एका इमारतीच्या छपरावर सुरू झाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीक धाटणीचा एक उंच स्तंभ त्यासाठी बांधला गेला. तो आजही उच्च न्यायालयाच्या आवारात उभा आहे. पुढे १८९४ मध्ये दिवा चक्क उच्च न्यायालयाच्या घुमटावर चढला आणि १९७७ मध्ये मरीना किनाऱ्यावरचे सध्याचे दीपगृह सुरू होईपर्यंत तेथेच राहिला. न्यायालयाच्या डोक्यावर दिवा ठेवायला ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांना माथा हरवलेल्या देवळाबद्दल तो वाटण्याचे कारण नव्हते.

‘देशातील सर्वांत जुने दीपगृह’?

पर्यटन पुस्तिकांत आणि संकेतस्थळांवर एक विधान वारंवार आढळते. ओलक्कनेश्वर हे भारतातील सर्वांत जुने दीपगृह असून ते इ. स. ६४० च्या सुमारास महेंद्र पल्लवाने बांधले, असे ते विधान. मार्गदर्शक ते मोठ्या अभिमानाने सांगतात. पल्लवकाळात या छपरावर लाकडे पेटवून जहाजांना वाट दाखवली जाई, अशी जोडही त्याला दिली जाते.

हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. पहिला महेंद्रवर्मा ६३० च्या सुमारास निवर्तला. ६४० मध्ये गादीवर होता तो त्याचा पुत्र नरसिंहवर्मा. आणि मंदिराची शैली या दोघांच्याही नंतरची, राजसिंहाच्या काळातली आहे. म्हणजे राजा, साल आणि वास्तू या तिन्ही गोष्टींचा एकमेकांशी मेळ बसत नाही. मंदिरावर पल्लवकाळात रात्री आग पेटवली जात असेल ही कल्पना अशक्य कोटीतील नाही. जागा त्यासाठी उत्तम आहे. पण जागा उत्तम असणे हा पुरावा होत नाही. दीपगृह म्हणून या माथ्याची जी तारीख निश्चित सांगता येते ती १८८७ हीच.

याचा अर्थ तमिळ किनाऱ्याला दीपगृह ठाऊक नव्हते असा नाही. उलट या बाबतीत तमिळ साहित्याची साक्ष फार जुनी आणि मोठी रोचक आहे. ‘पेरुम्पाणाऱ्ऱुप्पडै’ या संघकालीन दीर्घकाव्यात कांचीच्या तोंडैमान इळन्तिरैयन या राजाची स्तुती आहे. त्यात एका बंदराचे वर्णन येते आणि तेथील उंच इमारतीच्या माथ्यावर रात्री पेटवल्या जाणाऱ्या, समुद्रातील नौकांना किनाऱ्याकडे आणणाऱ्या दिव्याचाही उल्लेख आहे. काव्यातले ते बंदर म्हणजेच आजचे मामल्लपुरम, असे काही अभ्यासक मानतात. सर्वांना ते मान्य नाही. पण पल्लवांच्याही आधी काही शतके या किनाऱ्यावर अशी सोय होती, एवढे त्यातून दिसते. तमिळमध्ये दीपगृहाला ‘कलंगरै विळक्कम्’ म्हणतात. ‘कलम्’ म्हणजे नौका, ‘करै’ म्हणजे हाक मारणे आणि ‘विळक्कम्’ म्हणजे दिवा. नौकांना हाक मारणारा दिवा! मराठीतील ‘दीपगृह’ या शब्दात दिवा आहे आणि घर आहे, समुद्र मात्र नाही. तमिळ शब्दाने तो बरोबर पकडला आहे.

‘सर्वांत जुने’ हा शिक्का मारण्याच्या घाईत ही खरी आणि अधिक मोलाची माहिती मागे पडते, ही खेदाची गोष्ट आहे. ओलक्कनेश्वर आठव्या शतकातील मंदिर म्हणून पुरेसे महत्त्वाचे आहे. त्याला सातव्या शतकातले दीपगृह करण्याची गरज नाही.

मनोरा आणि त्याचा दिवा

१९०४ चा मनोरा गोल असून स्थानिक दगडात बांधलेला आहे. त्याची उंची २५ मीटरच्या आसपास आहे. अनेक दीपगृहांवर काळे-पांढरे वा लाल-पांढरे पट्टे असतात, ते दिवसा दुरून ओळखू यावीत म्हणून. मामल्लपुरमच्या मनोऱ्याचा दगड उघडा ठेवला आहे, आणि तेच योग्य झाले. भोवतालच्या खडकाशी आणि देवळाशी त्याचा रंग मिळून जातो. रंगाचे पट्टे ओढले असते तर टेकडीचे सारे रूप बिघडले असते.

मनोरा टेकडीवर का, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजापलीकडच्या जहाजाला सरळ दिसत नाही. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवर असलेल्या दिव्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर असते. तो १२ मीटर उंचीवर आणला तर हे अंतर निम्म्यावर येते. अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट करावी लागते, असा हा नियम आहे. सपाट किनाऱ्यावर अशी उंची गाठायची तर प्रचंड मनोरा बांधावा लागतो. मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या खडकांवर १८७५ मध्ये प्राँग्ज दीपगृह उभारले गेले, तेव्हा समुद्रातच सव्वाशे फुटांहून उंच मनोरा बांधण्याचा खर्च करावा लागला. मामल्लपुरमला टेकडीने ते काम आधीच अर्धे करून ठेवले होते. जहाजाच्या टेहळ्याचा डोळाही पाण्यापासून काही मीटर वर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दिवा यापेक्षा थोडा अधिक दूरवरून दिसतो.

दुसरी बाजू भिंगाची. साध्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरून वाया जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल याने १८२० च्या दशकात यावर तोडगा काढला. जाड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची एकात एक बसवलेली कडी वापरून त्याने सारा प्रकाश क्षितिजाच्या दिशेने वळवला. त्यामुळे तेलाच्या वातीचा प्रकाशही कितीतरी मैल जाऊ लागला. जगभरच्या दीपगृहांनी ही पद्धत उचलली. भिंग फिरते ठेवले की दूरच्या खलाशाला प्रकाश लखलखताना दिसतो. दोन लखलखाटांमधील वेळ प्रत्येक दीपगृहाची वेगळी असते आणि ती सागरी नकाशांत नोंदलेली असते. खलाशी घड्याळ लावून सेकंद मोजतो आणि आपण कोणत्या गावासमोर आहोत हे त्याला कळते. अंधारात गावांची नावे वाचण्याची ही रीत आहे. इंधन बदलत गेले, वनस्पती तेल, रॉकेल, रॉकेलच्या वाफेवर जळणारी बत्ती आणि अखेर वीज, पण भिंगाचे तत्त्व टिकून राहिले. दीपगृहाच्या आवारात आता सागरी वारशाचे संग्रहालय आहे. तेथे जुनी उपकरणे पाहता येतात. मनोरा चढण्यापूर्वी ते पाहिले तर वर काय पाहायचे हे कळते. बहुतेक जण उलट क्रमाने जातात.

वरून दिसणारे गाव

आतला जिना चक्राकार आणि अरुंद आहे. वरून उतरणारी आणि खालून चढणारी मंडळी समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. शेवटचा टप्पा खड्या शिडीचा असून सज्जावर जाण्याचे दार इतके ठेंगणे आहे की मोठ्या माणसाला वाकूनच बाहेर पडावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि उंचीची भीती वाटणाऱ्यांनी खाली संग्रहालयातच थांबलेले बरे. लहान मुलांना एकटे सोडू नये. सज्जा अरुंद आहे आणि वारा जोराचा असतो. टोपी, ओढणी, चष्मा सांभाळावा लागतो.

वर आल्यावर मात्र गावाचा नकाशा पायाशी पसरतो. पूर्वेला, साधारण पाऊण किलोमीटरवर, किनाऱ्यावरचे मंदिर समुद्राला लागून उभे दिसते. जमिनीवरून भव्य वाटणारी त्याची दोन शिखरे येथून सागराच्या पार्श्वभूमीवर अगदी लहान, जवळजवळ असहाय वाटतात. लाटांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी टाकलेले दगड पाहिले की हे मंदिर आज कशाच्या आधारावर टिकून आहे ते कळते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत समुद्र प्रथम आत ओढला गेला, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेले खडक काही क्षण उघडे पडल्याचे किनाऱ्यावरील लोकांनी पाहिले. लाटांनी वाळू हटवल्यावर किनाऱ्यावर कोरीव काम केलेले खडक वर आले. गावाच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवरील सालुवनकुप्पम येथे त्यानंतर पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि सुब्रह्मण्याचे एक मंदिर व त्याखाली त्याहून प्राचीन विटांचे बांधकाम उजेडात आले. गावातील वृद्ध मंडळी ‘सात देवळांपैकी सहा समुद्राने गिळली’ असे सांगत आली आहेत. या दंतकथेला सुनामीने पुरावा दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण समुद्राने येथे पुष्कळ काही झाकले आहे यात शंका उरली नाही.

दक्षिणेला झाडीत पंचरथ दिसतात. त्याच दिशेने पुढे किनाऱ्यावर कल्पाक्कमचे अणुऊर्जा केंद्र आहे. त्यामुळे छायाचित्रणाबाबत येथे पूर्वीपासून काळजी घेतली जाते. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना विचारणे शहाणपणाचे. पश्चिमेला बकिंगहॅम कालव्याचे पाणी चकाकते आणि त्यापलीकडे सपाट शेते. उत्तरेला टेकडीचा पसारा, रायल गोपुराचे अपुरे राहिलेले खांब आणि गावातील घरांची दाटी. आणि अगदी खाली, जवळच, ओलक्कनेश्वराचा सपाट माथा. हे दृश्य सर्वांत महत्त्वाचे मानले पाहिजे. जमिनीवरून मंदिराच्या भिंती दिसतात, माथा दिसत नाही. दिवा कोठे होता हे समजते ते येथूनच.

दोन खात्यांची एक टेकडी

या टेकडीवर दोन सरकारी खाती शेजारी नांदतात. मंदिर आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. युनेस्कोने १९८४ मध्ये मामल्लपुरमच्या स्मारकसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मनोरा मात्र केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाच्या अखत्यारीतील दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडे आहे. त्याचा कारभार पूर्वी १९२७ च्या दीपगृह कायद्याने चाले. २०२१ मध्ये त्याची जागा सागरी दिशादर्शन साहाय्य कायद्याने घेतली. नव्या कायद्याच्या नावात ‘दीपगृह’ हा शब्द उरलेला नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

उपग्रहांवर आधारित दिशादर्शन आल्यापासून मोठ्या जहाजांना दिव्याची निकड पूर्वीसारखी राहिलेली नाही. यंत्रणा बिघडली तर आधार म्हणून दिवे चालू ठेवले जातात. रात्री परतणाऱ्या मासेमाराला, ज्याच्या होडीत सगळी आधुनिक उपकरणे असतीलच असे नाही, टेकडीवरचा दिवा आजही ओळखीचा वाटतो. परंतु देखभालीचा खर्च भागवण्यासाठी आणि वास्तू जपण्यासाठी सरकारने पर्यटनाचा मार्ग धरला आहे. सुरक्षेच्या कारणावरून अनेक वर्षे बंद असलेला मामल्लपुरमचा मनोरा २०११ मध्ये जनतेसाठी पुन्हा खुला झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्यावर देशातील पहिला दीपगृह महोत्सव भरला आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी देशभरातील ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. हा नियम शंभर वर्षांपूर्वी असता, तर मामल्लपुरमचे दीपगृह उभेच राहिले नसते. ते आज शंभरीच्या पलीकडे गेले आहे आणि स्वतःच वारसा बनले आहे. टेकडीच्या शुद्ध पल्लव रूपात ते खुपते असे म्हणणारेही आहेत. पण मनोरा झाला नसता तर दिवा देवळाच्या डोक्यावरच राहिला असता, त्याचे तेल, धूर, लोखंड आणि दुरुस्तीचे घाव देवळाने आणखी किती वर्षे सोसले असते, याचाही विचार करावा लागतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले आणि त्याच बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. आज ते कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या जागतिक वारसा यादीत खांदेरीचा समावेश झाला. किल्ला आणि दिवा यांना एकत्र सांभाळण्याचे काम आता तेथेही आहे. मामल्लपुरममध्ये गेली काही वर्षे ते कसे चालले आहे, हे पाहण्यासारखे आहे. तिकीटखिडक्या वेगळ्या, वेळा वेगळ्या, फलक वेगळे. मंदिराच्या फलकावर दिव्याचा इतिहास आणि मनोऱ्याच्या संग्रहालयात मंदिराचा इतिहास सविस्तर सांगितला, तर पर्यटकाचा पुष्कळ गोंधळ वाचेल. त्यासाठी फारसा खर्चही येणार नाही.

कसे जाल, केव्हा जाल

चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने मोटारीने सुमारे दीड तासात मामल्लपुरमला पोहोचता येते. या मार्गाने बसगाड्याही जातात. रेल्वेने जायचे तर सर्वांत जवळचे मोठे स्थानक चेंगलपट्टू असून ते सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथून बस मिळते.

मुंबई-पुण्याच्या पर्यटकांनी हवामानाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि त्याच काळात वादळांचीही शक्यता असते. दिवाळीच्या सुटीत आखलेली सहल म्हणूनच पुष्कळदा पाण्यात जाते. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद. एप्रिल-मेमध्ये दुपारी टेकडीचा खडक इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही.

कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, येथे तो समुद्रातून उगवतो. सकाळी किनाऱ्यावरचे मंदिर आणि दुपारनंतर, सूर्य पाठीशी असताना, दीपगृह असा क्रम ठेवल्यास मनोऱ्यावरून पूर्वेकडचे दृश्य स्वच्छ दिसते. दीपगृह दिवसाच खुले असते. मध्ये जेवणाच्या सुटीत ते बंद ठेवले जाते आणि प्रवेशासाठी माफक शुल्क आकारले जाते. वेळा व दर बदलत असल्याने आदल्या दिवशी चौकशी करावी. पुरातत्त्व खात्याचे तिकीट येथे चालत नाही. पायात घसरणार नाहीत अशी पादत्राणे हवीत, पाण्याची बाटली खालीच भरून घ्यावी. आणि दिवा लागलेला पाहायचा असेल, तर सायंकाळी टेकडीवरून खाली उतरून किनाऱ्यावर जावे. अंधार पडला की गावाच्या दिव्यांच्या वर तो वेगळा ओळखू येतो.